दुसरी गाडी विकायला काढली तेव्हा

पेट्रोलच्या भावावरून आमच्या घरात दोन्ही बाजूंनी रडता येतं. नवरा तेलकंपन्यांना व्हॉल्व्ह पुरवणाऱ्या एका कंपनीत आहे. तेल स्वस्त झालं की त्याच्या ऑफिसात माणसं कमी करायची कुजबुज सुरू होते, बोनस गायब होतो आणि आम्ही पुण्याची तिकिटं पुढे ढकलतो. तेल महाग झालं की ऑफिसात पेढे येतात, आणि ते पेढे घेऊन घरी येताना वाटेतल्या पंपावर त्याचं तोंड कडू होतं. जगात काहीही उलथापालथ होवो, अल् घुब्रातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये चेहरे लांबच. सगळं घर तेलाच्या भावावर एकाच वेळी खूश आहे, असा महिना मला तरी आठवत नाही.

मी लग्न होऊन मस्कतला आले तेव्हा इथं पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त होतं. अक्षरशः. पंपावरच्या दुकानातली पाण्याची बाटली घेताना लोक विचार करायचे, टाकी भरताना करायचे नाहीत. काच दोन बोटं खाली करून 'फुल' एवढंच म्हणायचं आणि काच परत वर. किराणा घ्यायला उतरलेला माणूस गाडी चालूच ठेवून जायचा, का तर परत येईपर्यंत सीट तापायला नको. चहासुद्धा गाडीतच. कॉफी शॉप म्हणवणाऱ्या चहाच्या दुकानासमोर थांबायचं, हॉर्न द्यायचा, आतून माणूस लगबगीनं येऊन कागदी कपातला कडक चहा हातात देणार, आणि आपण एसी लावून, इंजिन चालू ठेवून निवांत गप्पा मारणार. आमच्या संसारातली बरीचशी भांडणं आणि झाडून सगळे समेट चालू इंजिनवर झालेले आहेत.

मग पेट्रोलचा भाव जगाच्या बाजाराशी बांधला गेला आणि दर महिन्याच्या शेवटी पुढच्या महिन्याचा भाव जाहीर होऊ लागला. तेव्हापासून महिनाअखेर हा आमच्याकडे एक सण झाला. संध्याकाळी नवरा फोन हातात घेऊन येरझाऱ्या घालायचा. भाव चार-दोन बैसांनी, म्हणजे इथल्या चिल्लर पैशांनी, जरी चढणार असला तरी जुन्या भावात टाकी भरून घ्यायला बाहेर पडायचा. सगळं मस्कत तेच करत असल्यामुळे पंपावर ही रांग. रांगेतली प्रत्येक गाडी चालू, प्रत्येक गाडीत एसी. जे वाचवायला आलो ते तिथंच जळायचं, पण रांगेतून बाहेर पडताना प्रत्येकाच्या तोंडावर कोणाला तरी फसवल्याचं समाधान असायचं.

याची तक्रार कोणाकडे करायचीही सोय नव्हती. पुण्याला नणंदेला फोनवर सांगायला गेले, तर तिनं उभ्या उभ्या बैसांचे रुपये केले आणि म्हणाली, "अगं, फुकटच आहे की तुमच्याकडे! इकडे ये आणि माझ्या स्कूटरमध्ये भरून दाखव." त्यानंतर मी तिच्याशी फक्त हवापाण्यावर बोलू लागले.

घरात काटकसरीचं पर्व सुरू झालं. नवऱ्याची गाडी मोठी, चारी चाकांना जोर असणारी, वाळवंटात आणि वादींमध्ये, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नाल्यांमध्ये, जायला घेतलेली. वाळवंटात ती वर्षातून एकदा जायची, तेही पुण्याहून पाहुणे आले तर. एरवी घुब्रा ते रुवीतलं ऑफिस, सिग्नलला उभं राहायचं काम. पेट्रोल पिण्यात मात्र तिनं कधी कमीपणा घेतला नाही. तिच्यात महागातलं सुपर पेट्रोलच भरायचं असा नवऱ्याचा दंडक होता. रेग्युलर भरलं तर इंजिनाला सोसत नाही म्हणे. खरं तर ते शेजाऱ्यांनी पाहिलेलं त्याला सोसलं नसतं. मग वाचवायचं कुठं? त्यानं डिकी रिकामी केली. वजन कमी तर पेट्रोल कमी. माझ्या दोन छत्र्या, मुलीची दुमडती खुर्ची आणि प्रथमोपचाराची पेटी, सगळं घरात आलं. नंतर कोणीतरी सांगितलं की सीबकडच्या एका पंपावर टाकी भरली की टिश्यूचा डबा फुकट मिळतो. तो विमानतळाच्याही पलीकडे जाऊन टाकी भरू लागला. आमच्या घरात टिश्यूच्या डब्यांची भिंत उभी राहिली. सर्दीसुद्धा आम्हाला हौसेनं व्हावी लागली असती.

आमच्या मराठी मंडळानं या विषयावर एक व्याख्यान ठेवलं. 'इंधनबचत आणि आपण.' हॉलबाहेर गाड्या लावायला जागा नव्हती. एकाच इमारतीतली चार कुटुंबं चार गाड्यांतून आली होती, कारण परतताना कोणाला लुलू सुपरमार्केटात जायचं होतं, कोणाला मुलांना पोहण्याच्या क्लासवरून आणायचं होतं. व्याख्यात्यानं सांगितलं, गाडी उभी असताना इंजिन बंद ठेवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर तीन गाड्या चालू होत्या, कारण आत मुलं झोपली होती. चहापानाच्या वेळी खजिनदारांनी एकत्र प्रवासाची कल्पना मांडली. ती सर्वांना इतकी पटली की तिच्यावर चर्चा करायला पुढच्या आठवड्यात पुन्हा जमायचं ठरलं.

आता माझ्या गाडीविषयी. ती लहान, पांढरी, जुनी, आणि माझी. मी मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका नर्सरीत शिकवते. आधी नवरा ऑफिसला जाताना मला सोडायचा आणि परत यायला मी टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करायचे. मग मी लायसन्स काढायचं मनावर घेतलं. ज्यांनी इथं लायसन्स काढलंय त्यांना पुढचं सांगायला नको. ड्रम उभे करतात, त्यांच्यामधून गाडी मागे घ्यायची. ड्रमला आरसा जरी घासला तरी पोलीस म्हणतो 'खलास', आणि आपण खाली उतरायचं. मग पुढची तारीख. मी ते 'खलास' इतक्यांदा ऐकलं की मला झोपेतही ऐकू यायला लागलं. शिकवणारे ओमानी चाचा उत्तम हिंदी बोलायचे आणि दर वेळी म्हणायचे, "बेटी, अगली बार इन्शाल्ला." शेवटी ती पुढची बारी आली. लायसन्स हातात पडलं त्या दिवशी मी गाडीत बसून रडले. डिग्रीच्या वेळीसुद्धा रडले नव्हते. त्या लायसन्सवर ही गाडी घेतली, आणि तेव्हापासून मी माझी मी जाते, माझी मी येते. उशीर झाला तर माझा, लवकर आटोपलं तर तेही माझं.

तर एका महिनाअखेरीला, नवा भाव बघून झाल्यावर, नवरा जेवता जेवता म्हणाला, "दोन गाड्या आपल्याला कशाला लागतात?"

मी विचारलं, "मग कुठली विकायची?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुठला मुलगा विकायचा असं विचारलंय. "तुझी," तो म्हणाला. "तुझी नर्सरी माझ्या रस्त्यावरच आहे."

तो नको म्हणाला असता तर भांडता आलं असतं. माझा नवरा मला कधीच नको म्हणत नाही, तो फार पुढारलेला आहे. नको पेट्रोल म्हणत होतं. आणि पेट्रोलशी कोण भांडणार? महिनाभर करून बघू, असं ठरलं. माझ्या गाडीवर कापडी झाकण घातलं आणि ती इमारतीखाली उभी राहिली.

तो महिना मी विसरणार नाही. सकाळी रुवीला जाता जाता मला सोडायचं, इथवर ठीक होतं. पण माझी नर्सरी दुपारी सुटते आणि त्याचं ऑफिस संध्याकाळी. मग दुपारच्या सुट्टीत तो रुवीहून मदिनतला यायचा, मला घुब्राला आणायचा आणि परत रुवीला जायचा. संध्याकाळी मुलीचा नाचाचा क्लास, तिकडेही पूर्वी मी न्यायचे. आता तो घरी आल्यावर आम्ही तिघं निघायचो. माझी छोटी गाडी जेवढं फिरायची त्याच्या दुप्पट त्याची मोठी गाडी फिरू लागली, आणि वर सुपर. मी हे बोलून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "पण आपण एकत्र असतो ना." एकत्र असताना तो कानात इअरफोन घालून तेलबाजाराच्या बातम्या ऐकायचा. शिवाय काटकसर म्हणून एसी मंद. ऐन जूनच्या मस्कती उन्हाळ्यात, घामाच्या धारा. नर्सरीतल्या चिमुरड्यांनी मला विचारलं, मिस, तुम्ही रोज पावसात भिजता का? मस्कतमध्ये पाऊस!

वाट बघणं हे सगळ्यात वाईट. मीटिंग लांबली की मी नर्सरीच्या फाटकापाशी उभी. वॉचमन खुर्ची द्यायचा. त्या खुर्चीत बसून मला प्रत्येक येणाऱ्या गाडीकडे बघायची सवय लागली, आणि ती सवय लागल्याचं लक्षात आलं तेव्हा मी जाम चिडले.

मुलगी शाळेत मैत्रिणींशी इंग्रजीतच बोलते, मराठी ती शब्द वेचत वेचत बोलते. एका संध्याकाळी क्लासला जाताना मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, तुझी कार सेल झाली की मग तू पण माझ्यासारखी ना? म्हणजे, तुला पण बाबाच ड्रॉप करणार."

"हो ना," नवरा हसून म्हणाला. "मला आता दोन मुली."

मला हसू आलं नाही. तिला यात काही चुकीचं वाटत नव्हतं, आणि मला त्याचीच भीती वाटली.

महिना संपला. प्रयोग यशस्वी झाल्याचं नवऱ्यानं जाहीर केलं. यश कशावरून मोजलं ते त्यालाच ठाऊक. त्यानं माझ्या गाडीची जाहिरात ग्रुपवर टाकली. 'लेडी ड्रिव्हन, एक्सलंट कंडिशन.' इतकी वर्षं गाडीवर ओरखडा दिसला की तो म्हणायचा, बायका चालवतात म्हटल्यावर असंच होणार. विकायची वेळ आली आणि माझं बाई असणं गाडीच्या गुणांत जाऊन बसलं.

एका शुक्रवारी संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. जोडपं होतं, मूळचं रायगडकडचं, राहायला अल अमेरातला. तो वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता. गाडी हवी होती ती बायकोला. ती माझ्याहून बरीच लहान, डोक्यावरून ओढणी घेतलेली, आणि गाडीपासून चार पावलं लांब उभी राहून गाडीकडे बघत होती. आधी त्यानं गाडीचा एक फेरा मारला. बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं, टायरवर लाथ मारली, पुरुषांनी गाडी बघायची म्हणजे जे जे करायचं ते सगळं केलं. मग मी म्हटलं, "चालवणार या आहेत ना? मग यांना चालवू दे."

ती चालवायला बसली, मी शेजारी. दोघं नवरे आमच्या मागून मोठ्या गाडीतून निघाले, लक्ष ठेवायला. म्हणजे पेट्रोल वाचवण्यासाठी जी गाडी विकायची, ती दाखवायला दोन गाड्या रस्त्यावर.

सुरुवातीला तिनं स्टिअरिंग असं गच्च धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. घुब्राच्या आतल्या रस्त्यांवर दोन वळणं झाली आणि तिचे खांदे खाली आले. ड्रमच्या परीक्षेत कितीदा नापास झालीस, मी विचारलं. तिनं आकडा सांगितला. तो माझ्यापेक्षा मोठा होता, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मागून मोठ्या गाडीनं हॉर्न दिला. मी तिला चहाच्या दुकानासमोर थांबवलं. "वाजव हॉर्न," म्हटलं. तिनं इतका हळू वाजवला की कोणीच आलं नाही. दुसऱ्यांदा नीट वाजवला. चहा आला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आपल्या हाकेला धावून आल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"ताई, एक इचारू?" चहा पिता पिता ती म्हणाली. "गाडी एवढी चांगली हाय. तुमी का इकताय?"

"पेट्रोल वाढलंय ना," मी म्हटलं.

"पेट्रोल तर आमाला पन तेवढ्यालाच मिलतं."

तिनं ते खोचकपणे म्हटलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. मला तोंड वर करून बघवेना. मग तिनं आपणहून सांगितलं, अल खुवैरला एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला तिला बोलावलंय. अमेरातहून डोंगर उतरून यायचं, बसचं काही खरं नाही, रोज टॅक्सी केली तर पगार टॅक्सीवाल्यालाच. गाडी मिळाली तरच नोकरी. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या तारखेपर्यंत वाट बघते म्हटलं होतं. मला तेव्हाच वाटलं, जाणारच असेल तर हिच्याकडे जाऊ दे. वाईट वाटत होतं, तरीही वाटलं.

आम्ही परत इमारतीखाली आलो. दोघं नवरे फोनमध्ये डोकं घालून उभे होते. महिनाअखेर होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. नवा भाव आला होता. चढलेला.

"गाडी एकदम झकास हाय साहेब," तिचा नवरा माझ्या नवऱ्याला म्हणाला. "पन आता ह्यो भाव बगा. दोन दोन गाड्या कशा परवडनार? मी सोडीन तिला कुठं जायचं तर."

"बरोबर आहे," माझा नवरा म्हणाला.

गिऱ्हाईक हातचं जात होतं आणि हा मान डोलवत होता. त्याचंच म्हणणं होतं ते. आपल्याच म्हणण्याला नाही म्हणणं त्याला जमणारच नव्हतं. दोघांनी मिळून जगाच्या तेलबाजाराला नावं ठेवली, एकमेकांच्या शहाणपणाची तारीफ केली आणि हात मिळवले. पुढच्या महिन्यात भाव उतरला तर बघू, असं ठरलं.

चावी अजून तिच्या हातात होती. "दे त्यांना," तिचा नवरा म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, प्रेमानंच म्हणाला. तिनं चावी माझ्या हातावर ठेवली. चावी घामानं ओली झाली होती. "शुक्रिया ताई," म्हणाली आणि ओढणी सारखी करत त्यांच्या गाडीकडे वळली.

माझी गाडी वाचली होती. मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र संताप आला. त्या दोघांचा आला, पेट्रोलचा आला, आणि महिनाभर वॉचमनच्या खुर्चीत मुकाट बसून राहिले त्याचाही आला.

"ही गाडी विकायची नाहीये," मी मोठ्यानं म्हटलं. "या महिन्यात नाही, पुढच्या नाही, भाव उतरो नाहीतर चढो." नवऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं, कारण इमारतीतले दोघेतिघे थांबून ऐकत होते. मग मी तिच्याकडे गेले आणि तिचा फोन नंबर घेतला. तिच्या नवऱ्याला म्हटलं, "भाऊ, दर शनिवारी मी हिला घेऊन जाणार. हात बसायला हवा तिचा. लायसन्स नुसतं कपाटात ठेवायला काढलं नाही तिनं."

"वहिनी, तेवढ्यासाठी अमेरातपर्यंत येनार? पेट्रोल किती जाईल तुमचं!"

"माझं जाईल ना," मी म्हटलं.

नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं मला समजावून सांगितलं की नुसतं चालवायला म्हणून डोंगरापलीकडे जायचं आणि परत यायचं, यात काहीच निष्पन्न होत नाही. ना सामान आणायचं, ना कोणाला सोडायचं. एखाद्या शहाण्या माणसाला हे पटणार नाही, असं तो म्हणाला. मी कबूल केलं की नाही पटणार.

शनिवारी सकाळी मी अमेरातला तिच्या इमारतीखाली जाऊन हॉर्न दिला. क्लिनिकमध्ये दुसरी कोणी लागली होती. ते तिनं गाडीत बसताबसताच सांगितलं, एकदाच, आणि पट्टा लावला. मी बाजूच्या सीटवर सरकले होते. आम्हाला कुठंच जायचं नव्हतं. तिनं गाडी डोंगराच्या रस्त्याला घातली. चढावर एक ट्रक रखडला होता, त्याच्या मागे ती शांतपणे राहिली, संधी बघून पुढे काढली, आणि वर पोचल्यावर खाली सगळं मस्कत दिसायला लागलं तेव्हा पहिल्यांदा मोठा श्वास सोडला. उतरून आलो. ती परत वळवून चढू लागली. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिला थांबायचं नव्हतं आणि मी थांब म्हणत नव्हते.

मग तिची नजर समोरच्या पेट्रोलच्या काट्याकडे गेली आणि तिनं एकदम पाय सैल केला.

"ताई, काटा लय खाली आला."

"येऊ दे," मी म्हटलं. "तू रस्त्याकडे बघ."